बाटी खायला येते का?

"सांगा बरं, हे काय?" भागिरथानं भाकरीचं चित्र उंच धरलं. बंजारा तांड्यावरच्या बालवाडीतली अकराही पोरं गप्प... आणि दारातून कुणीतरी खुदकन हसलं.

"बाई, आमच्या घरी याले बाटी म्हनतेत. भाकर थे तुमची!"

भाचीला सोडायला आलेला हेमसिंग. शेलूबाजारला जीप चालवायचा. सदरा धुळीनं माखलेला, पण डोळे... बाई गं, ते डोळे!

"मंग तुमीच शिकवा ना!" ती फणकारली.

"शिकवतो की. पन कोनाले? पोट्ट्याइले, का बाईले?"

त्र्याहत्तर साल होतं. पहिलीच नोकरी म्हणून भागिरथा कारंज्याहून इथं आलेली. हेमसिंग रोज यायचा आणि जाताना भाचीच्या, रुपाच्या, कानाशी आपल्या गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी सांगायचा. रुपा बाईकडे बघून खिदळायची.

"काय म्हनलं हो तिले?"

"काई नाई, घरचं."

झालं! बाईच्या जिवाला चैन पडेना. पोरांच्या तोंडून ती एकेक शब्द वेचू लागली. बाटी, मग याडी म्हणजे आई... दिवाळीत ते वाक्य तिला अचानक उलगडलं. 'बाईला विचार, आपल्या घरी बाटी खायला येते का.' तेव्हापासून कशात म्हणून लक्ष लागेना. उत्तर ओठांवर यायचं आणि तिथंच अडायचं. जात वेगळी, बोली वेगळी. एकदा बोललेलं माघारी कसं घ्यायचं? ती न कळल्यासारखी पाटी पुसत बसायची.

अशात तालुक्याच्या तपासणीसबाई आल्या. त्यांनी चित्रं दाखवली. अकराही तोंडं बंद.

"सहा महिन्यांत एक मराठी शब्द नाही? बंदच करते ही बालवाडी." त्यांनी वहीत 'बंद' असा शेरा लिहिलासुद्धा.

भागिरथाला पुढचं सगळं दिसलं. उद्याची एसटी, कारंजा... अन् ते उत्तर तसंच राहणार!

"बोलत नाईत म्हून समजत नाई, असं काहून म्हनता?" दारातून हेमसिंग म्हणाला. "इचारू नका. काम सांगून पाहा."

भागिरथा लगेच पोरांकडे वळली. "रुपा, खिडकी लाव. खेमा, झाडू आण. बाईंची छत्री कोण देते?"

पोरं जी सुटली! खिडकी लागली, झाडू आला, छत्रीला तर चौघं लोंबकळले. तपासणीसबाईंना हसू आवरेना. 'बंद' हा शेरा त्यांनी स्वतः खोडला.

भागिरथाला मात्र बसवेना की उठवेना. 'बोलत नाईत म्हून...' हे त्यानं नेमकं कुणाला म्हटलं?

पोरं पांगली. हेमसिंग रुपाच्या कानाशी वाकला... तेच रोजचं वाक्य.

रुपा खिदळायच्या आत भागिरथा बोलली. त्याच्याच बोलीत, अडखळत, चुकत, कानापर्यंत लाल होत – "येते बाटी खायला. पण तुझ्या याडीला सांग... एका दिवसापुरती नाही."

त्याच्या हातातली जीपची किल्ली खाली पडली.

"कवापासून समजून राह्यलं तुमाले?"

"दिवाळीपासून."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"पोट्टे तरी कुठं बोलत होते?"