पाचवा आवाज

ताई त्या घरी गेली ती एक यंत्र आणायला. त्यात भ्यायचं काहीच नव्हतं. शनिवारची दुपार होती, वाचनालय अर्धा दिवसच उघडं होतं, खांद्याला मोठी कापडी पिशवी आणि हातात पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पिशवीत यंत्र मावेल की नाही, एवढीच काय ती काळजी.

ताई दिवसभर वाचनालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची, पण तिचा जीव होता दुसऱ्याच कामात. जगात ठिकठिकाणी बसलेली काही माणसं संगणकाचे प्रोग्रॅम फुकट सांभाळतात. कुठे मोडलं तर जोडतात, जुनं झालं तर नवं करतात आणि हवं त्याला वापरायला देतात. प्रत्येक प्रोग्रॅमला एक राखणदार असतो, त्याला मेंटेनर म्हणायचं. सगळं सुरळीत चाललं तर कोणी त्याची आठवण काढत नाही, बिघडलं की सगळे त्याच्या नावाने ओरडतात. थोडक्यात, घर चालवण्यासारखंच काम. म्हणून ताईला ते जमलं असावं.

या मंडळींनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नसतात. सगळी ओळख मेलवर, आणि तीही टोपणनावांनी. ग्रुपवर एक 'चष्मा' होता, सगळ्यांच्या कामावर नजर ठेवणारा आणि अडीअडचणीसाठी सगळ्यांचे फोन नंबर जवळ बाळगणारा. आणि एक 'बोका' होता, कारण त्याने पहिल्या दिवशी आपल्या फोटोच्या जागी जांभई देणारा बोका लावला होता. बोक्याशी ताईची नऊ वर्षं पत्रापत्री होती. प्रोग्रॅममधल्या चुकांपासून सुरुवात व्हायची आणि गाडी गुडघेदुखीवर यायची.

बोका 'कानोसा' सांभाळायचा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानाप्रमाणे संगणकाचा आवाज जुळवून देणारा छोटासा प्रोग्रॅम. त्याची चाचणी रोज दुपारी साडेचारला बोक्याच्या घरातल्या यंत्रावर चालायची. यंत्र एक सूर वाजवायचं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारायचं, 'ऐकू आलं का?' समोर बसलेल्या माणसाने 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. बाकी सगळं यंत्राला जमतं, पण ऐकू आलं की नाही हे माणसालाच सांगावं लागतं. असे चार सूर, जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. पाचव्या वेळी सूर वाजायचाच नाही. नुसताच प्रश्न. ही बोक्याची युक्ती. काही न ऐकता हो-हो करणारा तिथे पकडला जायचा. पाचव्याला 'हो' म्हटलं की चाचणी नापास.

पास झाली की ग्रुपच्या पानावर कानोसाच्या नावापुढे हिरवी टिक. नापास झाली, किंवा दहा मिनिटांत कोणी उत्तर दिलं नाही, तर लाल फुली, आणि सगळ्यांना मेल.

गेल्या वर्षी बोक्याचं पत्र आलं होतं. 'ताई, थोडे दिवस कानोसा तू बघशील का? अंगात बारीक ताप आहे, जातच नाही. डॉक्टरकडे जाईन म्हणतो, पण हे सुटत नाही.'

ताईने ते पुस्तकं लावता लावता वाचलं. संध्याकाळी सवडीने उत्तर देऊ म्हणाली आणि विसरली. साफ विसरली. पंधरा दिवसांनी आठवलं तेव्हा तिने आधी ग्रुपचं पान उघडलं. कानोसापुढे हिरवी टिक. तिच्या जिवात जीव आला. म्हणजे बरा झाला की गडी! मग इतक्या उशिरा काय लिहायचं, याची लाज वाटली, आणि लाजेपायी आणखी उशीर झाला. पुढे तिने लिहिलं तेव्हा उत्तर आलं नाही. रुसला असेल, असं तिने मनाशी ठरवलं. टिक तर रोज हिरवी होती. हिरव्या टिकेच्या आत डोकावून कोण बघतं? लाल झालं की बघायचं, ही या लोकांची रीत.

चार महिने गेले. गप्प बसलेल्या मेंटेनरला ग्रुपच्या नियमाप्रमाणे तीन नोटिसा जातात, तिसरी घरच्या पत्त्यावर. तिसरीला बोक्याच्या आईकडून, शेजाऱ्याच्या हातून, उत्तर आलं. 'तो जाऊन चार महिने झाले. ताप अंगावर काढला. यंत्र तुमच्या कामाचं असेल तर घेऊन जा.'

ताईने पान उघडलं. त्या दिवशीचीही टिक हिरवी होती.

आई दाबत असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मुलाचं काम म्हणून बिचारी रोज बसत असेल. हे पटल्यावरच ती घराबाहेर पडली.

दार एका वाळक्या, ताठ बाईने उघडलं. ताईने नमस्कार करून तोंड उघडलं, तशी तिने हात वर केला.

"बोलू नकोस, उपयोग नाही. मला अजिबात ऐकू येत नाही आता. लिही." तिने वही पुढे केली.

ताईने लिहिलं, 'काकू, मी ग्रुपवरची ताई.'

काकूंनी ते वाचलं. "तू होय... शेवटी शेवटी रोज विचारायचा. आई, ताईचं उत्तर आलंय का बघ. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायची, येईल हो."

ताईला रडू आलं, ते तिने गिळलं. त्या घरात आधी रडायचा हक्क तिचा नव्हता.

बोक्याची खोली मागच्या बाजूला होती. खिडकी बंद, औषधाचा जुना वास अजून कोंडलेला, भिंतीलगत नीट आवरलेली खाट. टेबलाखाली यंत्र घुमत होतं. वर पडदा, दोन बुटके स्पीकर, आणि मध्ये रिकामी जागा.

'साडेचारला बटण तुम्ही दाबता ना?' ताईने लिहिलं.

"कसलं बटण?" काकूंनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला कीबोर्ड होता. "हे म्हणतेस? हे त्याच्या बोटांखालचं. तिसऱ्या दिवशीच काढून ठेवलं. उगाच धूळ बसायची."

'मग यंत्र का चालू ठेवलंत?'

काकूंनी टेबलावर तळहात टेकवला. "हात ठेव इथे. थरथरतंय ना? तो काम करत असला की असंच असायचं. स्वयंपाकघरातून मी यायची, हात ठेवायची, कळायचं, आहे म्हणून."

ताईने हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले.

पहिला सूर वाजला, जाडा, छातीत उतरणारा. पडदा आपोआप उजळला. 'ऐकू आलं का?' अक्षरांपुढची रेघ लुकलुकत राहिली. ताईची नजर कपाटाकडे गेली. कीबोर्ड स्वेटरातच होता, वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली.

पडद्यावर उमटलं, 'हो'.

दुसरा सूर. 'हो'. तिसरा. चौथा, सुईसारखा बारीक. जरा विचार केल्यासारखा वेळ गेला आणि उमटलं, 'हो'. मग काहीच वाजलं नाही. खोलीत यंत्राची घुमघुम आणि काकूंचा श्वास, बस. 'ऐकू आलं का?'

ताई खाटेच्या कडेवर टेकली.

'नाही', पडद्यावर आलं. बोका तसाच प्रामाणिक होता.

"बोका..." ताईच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी ताई. तुझं पत्र मी... वाचलं होतं रे. आता मी बघते कानोसा. तू सूट यातून..."

काकूंना तिचे ओठ हललेले दिसले. "काय म्हणालीस त्याला?"

'उशीर झाला म्हणाले.'

"हं." काकूंनी वही मिटली. "ने यंत्र. पण माझा हात टेबलावरून निघू दे आधी, मग बंद कर."

ताई थांबली. बराच वेळ थांबावं लागलं.

घरी बाहेरच्या खोलीत तिने यंत्र मांडलं, कीबोर्ड जोडला. दुसऱ्या दिवशी साडेचारला समोर बसली आणि मुद्दामच हात मांडीवर ठेवले. पहिला सूर वाजला, प्रश्न आला. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. लाल फुली. लगेच चष्म्याचा फोन.

"ताई, कानोसा लाल झालाय! सगळं ठीक ना?"

"ठीक आहे रे," ताई म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. "सुटला तो. आता मी दाबत जाईन."

चष्म्याला काही कळलं नाही. ताईने सांगितलंही नाही.

तिने वाचनालयात सकाळची पाळी मागून घेतली. आठ महिने साडेचार कधी चुकले नाहीत. चार वेळा हो, एकदा नाही. काकूंना दर आठवड्याला पत्र जायचं, यंत्र बरं आहे म्हणून.

मग तिला ताप भरला. बारीकच होता. तेवढ्यासाठी कशाला डॉक्टर, म्हणून तिनेही तो अंगावर काढला. बोक्याचं काय झालं हे माहीत असून! माणसाला दुसऱ्याचं दिसतं, स्वतःचं दिसत नाही. आठवड्याने उभं राहवेना, तेव्हा तिने ग्रुपवर लिहिलं, 'थोडे दिवस कानोसा कोणी बघेल का? मला बरं नाही.' कोणाचंच उत्तर आलं नाही. सगळ्यांनी काम करता करता वाचलं असेल आणि सवडीने बघू म्हणाले असतील.

त्या दुपारी साडेचारला तिला उठताच आलं नाही. बाहेरच्या खोलीत सूर वाजत होते. ठीक आहे, ती मनात म्हणाली, आज लाल होईल, चष्मा फोन करेल, मी सांगेन. उशाशी ठेवलेला फोन तिने उघडला.

टिक हिरवी होती.

दुसऱ्या दिवशीही हिरवी. खाली चष्म्याने लिहिलं होतं, 'ताईची टिक बघितली की बरं वाटतं. आहे बाई जागेवर.'

तापाने फणफणलेल्या डोक्यातही ताईला सगळं लख्ख समजलं. बोका सुटला नव्हता. तिला बरं नाही म्हणून तो तिचं काम करत होता, मायेने. आणि त्याच मायेपायी तिच्याकडे कोणी वळून बघणार नव्हतं. रविवारी भावाचा फोन यायचा, पण आज मंगळवार होता. त्याला फोन लावायला गेली, तोवर बॅटरी संपली.

बुधवारी सकाळी ती भिंत धरून बाहेरच्या खोलीत गेली, फोन चार्जिंगला लावला, कशीबशी खाटेपर्यंत परतली आणि तिथेच गळून पडली. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. घसा असा बसला होता की शेजाऱ्यांना काय, स्वतःलाही ऐकू येईना. पाणी संपलं होतं. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढला.

साडेचार वाजले. उघड्या दारातून पडदा उजळलेला दिसला. यंत्रासमोरची खुर्ची रिकामी होती.

पहिला सूर. 'हो'.

"बोका, नको रे..." ताई कुजबुजली. "आज नको देऊस उत्तर..."

दुसरा. 'हो'. तिसरा. 'हो'. सूर वाजत असताना तिची कुजबूज त्यात बुडून जात होती. चौथा. 'हो'.

मग पाचवा आवाज, म्हणजे काहीच नाही. सगळं घर गप्प झालं. ताईने उरलासुरला जीव गोळा केला.

"बोका... मी मरतेय रे. मला कोणी बघत नाहीये."

'ऐकू आलं का?'

रेघ लुकलुकत राहिली. कितीतरी वेळ. औषधाचा जुना, कोंडलेला वास खाटेपर्यंत आला.

'हो'.

पडदा लाल झाला. मिनिटभरात बाहेर फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. उचलत नाही म्हटल्यावर चष्म्याने भावाचा नंबर शोधला, भावाने शेजाऱ्यांना कळवलं, आणि अंधार पडायच्या आत दार तोडलं गेलं.

हॉस्पिटलात चष्मा भेटायला आला. दहा वर्षांत पहिल्यांदा. खरोखरच जाड भिंगांचा चष्मा होता.

"ताई, तुझं पत्र वाचलं होतं मी," तो खाली मान घालून म्हणाला. "पण टिक हिरवी होती गं..."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

"आणि मग पाचव्याला 'हो'! तू असं कधी करणार नाहीस, म्हणून घाबरलो. तापात दाबलं गेलं ना?"

ताईने त्याच्या हातावर थोपटलं. आपण ज्याच्या एका पत्राला वेळेवर उत्तर दिलं नाही, त्याने आपल्याला एका हाकेला ओ दिली. हे ती चष्म्याला कसं सांगणार होती? रडू मात्र आलं, आणि या वेळी तिने ते गिळलं नाही.

घरी परतल्यावर साडेचारला ती यंत्रासमोर बसली. चार वेळा हो, एकदा नाही. नेहमीप्रमाणे. कीबोर्ड बाजूला सारून उठणार, तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली.

'ऐकू आलं का?'

कानोसाला पाचच प्रश्न आहेत. ताईने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासला. सहावा नाही. तिने 'हो' दाबलं, ते उमटेना. 'नाही' दाबलं, तेही नाही.

तेव्हापासून तो रोज येतो. ताई रोज रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणते, "हो रे, आलं ऐकू. पत्रही मिळालं होतं." पण उत्तराची जागा रिकामीच राहते आणि रेघ दहा मिनिटं लुकलुकत वाट बघते. मग, उत्तराविनाच, टिक हिरवी होते.