थोरलीला गाडी लागते

"आई आणि आजी सोडून आपण चौघं," असं म्हणत लेकीने नकाशाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने चार टिंबं काढली, आणि नेमका त्याच क्षणी चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या थोरलीच्या हातातले कप किणकिणले...

कुणाचं लक्ष गेलं नाही. रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला होता आणि तो पुन्हा गुंडाळी होऊन बसू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर साखरेचा, मिठाचा, कॉफीचा आणि बटणांचा डबा ठेवला होता. एका बाजूला थोरलीचा नवरा बसला होता. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासायचा, घरातलं मात्र त्याला बेताचंच दिसायचं. समोर धाकटा दीर आणि जाऊ होती. दिराने नवी मोठी गाडी घेतली होती, त्यामुळे त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आणि मधोमध, खुर्चीवर गुडघे टेकून, सेनापतीसारखी लेक. शाळा संपली होती तिची. वसंत सरला की ती शिकायला दूरच्या शहरात जाणार होती, आणि मग सुट्ट्या कुणाच्या, कुठे, कशा जुळतील ते देवालाच ठाऊक. म्हणून ही सहल. हरणांचं कुरण, करकोच्यांची दलदल, अस्वलांचं जंगल... एकाला एक जोडून अभयारण्यांची माळच ओवली होती तिने.

"अस्वलं आधी घेऊ या," दीर म्हणाला.

"अस्वलं शेवटी. हिवाळ्यानंतर उठायला वेळ लागतो त्यांना, तुझ्यासारखा," जाऊ म्हणाली.

"वहिनी, यंदा तू पण चल की," दिराने चहा उचलता उचलता म्हटलं आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. "छे, विसरलोच. तुला तर झोपाळ्याकडे नुसतं बघूनही गरगरतं."

सगळे हसले. थोरलीही हसली. इतक्या वर्षांच्या सरावाने ते हसू तिच्या ओठांवर आपोआप यायचं.

थोरलीला गाडी लागते, ही त्या घरातली सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की गोष्ट होती. पाहुण्यांना ती पहिल्या भेटीत सांगितली जायची. आणि त्या गोष्टीत खरेपणाचा एक कणही नव्हता.

झालं होतं ते असं. लेक अगदी लहान होती, सासऱ्यांना जाऊन एक हिवाळा उलटला होता, आणि घर जरा मोकळा श्वास घेईल म्हणून सगळे हरणं बघायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही येत, मला कुठे हिंडायची हौस आहे? तुम्ही जा. मी काही लहान आहे का एकटी राहायला?" त्यांचा आवाज ताठ होता, मानही ताठ होती. गाडी सुरू झाली. थोरलीने सहज मागे वळून पाहिलं... सासूबाई फाटकात उभ्या होत्या. निरोपासाठी हात वर केलेला होता, पण तो हलवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला होता, एखाद्या वस्तूसाठी वर केला आणि मग वस्तूच विसरली, तसा. थोरलीच्या काळजात चर्रर्र झालं. आता काय करावं? "मी आईंसाठी राहते" म्हणावं, तर त्या मानी बाईला कुणाची दया घेणं मरणाहून अवघड. नवऱ्याला सांगावं, तर तो सहलच रद्द करणार आणि मांडीवरच्या पोरीचं हरीण बुडणार. तिने मनोमन देवाला हात जोडले, पहिल्याच वळणावर तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाली, "अहो, थांबवा. मला गाडी लागतेय."

चालत घरी परतली तेव्हा सासूबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "काय गं, एवढ्यात?" आणि वळून आत गेल्या. पण त्या दिवशी त्यांनी दोघींसाठी चहा टाकला, आणि सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच चहात साखर घालायला विसरल्या नाहीत.

एकदा बोललेलं खोटं जपावं लागतं, मागाहून आलेल्या तान्ह्या मुलासारखं. दर वसंतात थोरली फाटकात उभी राहायची आणि गाडी वळेपर्यंत हात हलवायची. एरवीही तिला कारखान्यात चालत जावं लागायचं, निदान घरच्यांच्या देखत तरी. गल्लीच्या टोकापर्यंत ती चालायची, औषधांच्या दुकानाआडच्या थांब्यावर हळूच बस पकडायची आणि अगदी मागच्या, चाकावरच्या सीटवर बसायची. तिथे हादरे सगळ्यांत जास्त बसतात. खड्डा आला की ती आनंदाने मनातल्या मनात खुदकन हसायची. तेवढाच तिचा प्रवास, तेवढंच तिचं अरण्य.

कारखाना कापडी खेळण्यांचा होता. तिथे थोरली डोळे बसवायची. अस्वलं, ससे, हरणं आंधळी तिच्या टेबलावर यायची आणि बघती होऊन जायची. प्रत्येक जोडी बसवताना ती ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायची, कारण दृष्टी देणं हे खरं त्याचं काम, आपण उसनं घेतलेलं, असं तिला वाटायचं. अगणित हरणांना तिने डोळे दिले होते. पण जिवंत हरणाने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी लेक नकाशा गुंडाळत स्वयंपाकघरात आली. थोरली तिच्यासाठी प्रवासाचे मोजे रफू करत होती.

"आई, एक विचारू? चिडणार नाहीस?"

"चिडण्यासारखं असेल तर चिडेन."

"मी जायची म्हणून फोटो गोळा करतेय. सहलींच्या एकाही फोटोत तू नाहीस. एकाही." लेकीचा आवाज आधी साधा होता, मग तो कापला. "लहानपणी मला वाटायचं बिचारीला त्रास होतो. आता वाटतं, तुला यायचंच नसतं. गोळ्या मिळतात त्यावर आई, जगात सगळे घेतात. तू एकदा तरी घेतलीस? माझ्यासाठी? मी डोळे मिटले ना, की तू मला फाटकात हात हलवतानाच दिसतेस. तेवढीच आई घेऊन जायचं का मी?"

थोरलीच्या बोटात सुई रुतली. बोलावं, सगळं बोलून टाकावं, असा उमाळा अगदी कंठापर्यंत आला... पण बोलायचं काय? पलीकडे, खिडकीजवळच्या खुर्चीत, शालीत पाय गुंडाळून सासूबाई विणत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून काठीशिवाय त्यांना दोन पावलं टाकता येत नव्हती. खरं सांगावं, तर त्याचा अर्थ एवढाच होणार होता, की म्हातारीपायी आईच्या आयुष्यातले सगळे वसंत गेले. आपल्या एका शब्दाने त्या ताठ मानेवर केवढं ओझं पडेल.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "मोजे घालून बघ. टाचेला टोचत नाही ना?"

लेक मोजे तिथेच टाकून निघून गेली. खिडकीजवळच्या सुया थांबल्या होत्या, हे थोरलीला कळलंही नाही.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले. लेकीचं तोंड फुगलेलं, थोरलीचे डोळे ताटात. तेवढ्यात सासूबाईंनी घसा खाकरला.

"मला माझ्या बहिणीकडे सोडा. तुमची सहल होईस्तोवर तिथे राहीन."

दिराचा घास हातातच राहिला. "आई, तिचं तोंड बघणार नाही म्हणाली होतीस. तिने तुझी शाल नेली म्हणून."

"शाल विरली असेल एव्हाना. भांडायला नवीन काहीतरी शोधू आम्ही." मग त्या थोरलीकडे न बघता म्हणाल्या, "आणि हिला गाडीत पुढच्या सीटवर बसवा. खिडकीशी."

"अगं आजी, आईला गाडी ला..."

"काही लागत नाही तिला."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, असू द्या ना... जेवा ना तुम्ही," ती पुटपुटली.

"नाही असू देत. पुष्कळ असू दिलं." सासूबाईंनी आता सुनेकडे पाहिलं. "पाऊस कोसळत असतो आणि तू कारखान्यातून येतेस ती कोरड्या बुटांनी. चालत येतेस म्हणे. मी खिडकीत बसते गं दिवसभर, मला दुसरा उद्योग काय? आणि मी पडले त्या दिवशी, रुग्णवाहिकेत. डोंगरातला तो नागमोडी रस्ता, माझ्याबरोबरच्या नर्सला ओकारी आली. तू उलट्या तोंडाने बसली होतीस, माझं डोकं मांडीवर घेऊन. सगळी वाट मला देवाची गाणी म्हणून दाखवलीस, एक सूर हलला नाही तुझा. मी कण्हत होते, बहिरी नव्हते झाले."

"आजी, म्हणजे तुला माहीत होतं?" लेकीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून संशय होता. त्या दिवशी खात्री पटली." त्यांचा ताठ आवाज पहिल्यांदाच फुटला. "आणि तरी बोलले नाही. का? तर मला एकटं राहायची भीती वाटते. हे गेल्यापासून वाटते. फाटक वाजून गाडी गेली, की हे घर मला खायला उठायचं... आणि ही परत यायची, दर वेळी परत यायची, आणि मी वर तोंड करून विचारायची, काय गं, एवढ्यात? पोरी, तू तुझ्या आईला बोललीस ते मी ऐकलं. ते मला बोल. तुझ्या फोटोंतून तुझी आई मी काढून घेतली."

थोरली उठली. तिला काही दिसत नव्हतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने सासूबाईंची शाल नुसती नीट केली, पुन्हा पुन्हा नीट केली. "तुम्ही काही काढून घेतलं नाही, आई. मी आपणहून उतरले होते. आणि तुम्ही चहात साखर घातली होतीत..."

"कसली साखर? वेडी आहे ही," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात आपल्या गालाशी धरून ढसाढसा रडल्या.

नवऱ्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी रोज लोकांना विचारतो, आता स्पष्ट दिसतंय का," तो खाली बघत म्हणाला.

लेक मात्र उठली, जेवणाचं टेबल एका बाजूने रिकामं केलं, नकाशा अंथरला आणि खोडरबर घेऊन बसली. अस्वलं गेली. करकोचेही गेले. लांबलचक लाल रेषेतला एक आखूड तुकडा उरला, हरणांच्या कुरणापर्यंतचा. त्यावर तिने जागोजागी फुल्या मारल्या.

"या कशाला?" जावेने विचारलं.

"आजीला उतरवून चार पावलं चालवायची ठिकाणं. उद्या डॉक्टरांना विचारू." तिने कोपऱ्यातल्या चार टिंबांशेजारी आणखी दोन टिंबं काढली. मग खाली पडलेले मोजे उचलून पायांत घातले आणि आईकडे न बघता म्हणाली, "टोचत नाहीत."

डॉक्टरांनी हो म्हटलं. कारखान्यातून उरलेला कापूस आणून थोरलीने सासूबाईंच्या खुब्याच्या मापाची गादी शिवली. पुढच्या खिडकीवरून मात्र दोघींचं वाजलंच. सासूबाई म्हणत होत्या, "तू पुढे," थोरली म्हणत होती, "मी तुमच्याजवळ." शेवटी थोरलीचंच चाललं, दोघी मागे बसल्या. गाडी निघाली तेव्हा सगळ्यांनीच, सवयीने, वळून फाटकाकडे पाहिलं. फाटकात कुणीच नव्हतं. थोरलीला ते रिकामं फाटक इतकं सुंदर दिसलं, की तिने मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

आणि मग डोंगरातली वळणं सुरू झाली, आणि गाडी लागली ती सासूबाईंना.

"आता हिची नक्कल करतेय म्हणाल सगळे," त्या रुमालाआडून कशाबशा म्हणाल्या. दीर हसता हसता गाडी सांभाळत होता. थोरलीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळ चेपलं आणि हलक्या आवाजात गाणं धरलं, तेच, रुग्णवाहिकेतलं.

कुरणाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती, आणि नुकतीच फुटलेली पालवी उजेडात चमकत होती. बाकीचे पाय न वाजवता खाली उतरले. सासूबाईंचा डोळा लागला होता. थोरली हलली नाही. लेकीने काचेतून खुणेने बोलावलं, तिने मान हलवून मांडीकडे बोट दाखवलं. लेकीचा चेहरा क्षणभर उतरला... पुन्हा तेच. आई जवळ येऊनही दूरच राहणार. ती पाठ फिरवून कुंपणाकडे चालू लागली.

तेवढ्यात गवत हललं. कुंपणाच्या अलीकडून, गाडीच्या बाजूनेच, एक हरीण चरत आलं आणि थोरलीच्या उघड्या खिडकीपाशी येऊन थांबलं. हात लांबवला असता तर नाकाला लागला असता. त्याने मान वर केली. आपण इतकी वर्षं बसवले तसे त्याचे डोळे काळे मणी नव्हते. ते ओले होते, त्यांत आकाश होतं, पालवी होती, आणि एका काठाला एक लहानशी बाई होती, तोंड अर्धवट उघडं राहिलेली. थोरलीचे ओठ हलले, पण देवाचं नाव घ्यायचं सुद्धा सुचेना.

कुंपणाजवळ लेक वळली होती. तिने कॅमेरा डोळ्याला लावला होता.

"आलं का हरीण?" मांडीवरून, डोळे न उघडता, सासूबाईंनी हळूच विचारलं.

थोरलीने चटकन खाली पाहिलं. "आलंय, आई. उठता?"

"मला नको उठवू. तू बघ की त्याच्याकडे. माझ्याकडे काय बघतेस?"