फाट्यावरची पाटी

फोन आला तेव्हा निरीक्षकबाई चहाचं आधण ठेवत होत्या. एकाच कपाचं.

“मॅडम, जुन्या पुलावरून गाडी खाली गेली,” फौजदार म्हणाले. “माय-लेक होते. आई जागच्या जागी गेली. मुलाचे दोन्ही पाय मोडलेत.”

“जुन्या पुलाकडे गाडी गेलीच कशी? तो रस्ता बंद आहे ना?”

“तेच दाखवायचंय. उजेड आहे तोवर फाट्यावर या.”

बाईंनी गॅस बंद केला.

त्या जिल्हा परिषदेच्या रस्ते विभागात निरीक्षक होत्या. बदली होऊन आल्याला वर्ष होत आलं होतं. वरच्या मजल्यावरची एक खोली, एक खुर्ची, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. ऑफिसात सगळे त्यांना मान द्यायचे आणि पाच वाजले की आपापल्या घरी जायचे.

फाटा शहरापासून लांब, उघड्या माळावर होता. तिथे रस्ता दुभंगायचा. उजवीकडे नवा बायपास. डावीकडे जुना रस्ता. दोन्ही शहराकडेच जात, पण जुन्या रस्त्यावरचा पूल पुरात मधोमध खचला होता. पुलाच्या तोंडाशी परिषदेने एक दोरी बांधली होती आणि ‘पूल बंद’ असा फलक टांगला होता. तोही वळणानंतर. भरधाव येणाऱ्याला तो दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची.

दोन रस्त्यांच्या मध्ये लोखंडी खांबावर एक मोठा बाण होता. ‘शहराकडे’. तो उजवीकडे असायला हवा होता.

बाण डावीकडे होता.

“कोणीतरी मुद्दाम फिरवलाय,” फौजदार म्हणाले. “आणि कोणी ते सांगायला ज्योतिषी नको. ती बघा.”

जुन्या रस्त्याच्या सुरुवातीलाच एक खाणावळ होती. बायपास झाल्यापासून तिच्या बाकांवर धूळच जेवायला बसायची. मालकीण बोलायला लागली की समोरच्याची धडगत नसे, म्हणून सगळे तिला तोफ म्हणत.

“परिषदेच्या गेल्या सभेत सगळ्यांदेखत म्हणाली होती, एक दिवस ती पाटीच फिरवते म्हणून.”

बाईंनी खांबाला हात लावला. खांब काँक्रीटमधल्या नळीत बसवलेला होता. तो जाम ठेवणारा बोल्ट जागेवर नव्हता. एवढा जड खांब, वाऱ्यापावसातला. तो करकरणार, असं त्यांना वाटलं होतं. पण जरासा जोर लावताच बाण निमूटपणे वळला.

त्या खाली वाकल्या. सांध्यावर तेल होतं. त्याच्याखाली तेलात मुरलेल्या धुळीचा काळा थर होता. त्याच्याही खाली आणखी एक.

“फौजदारसाहेब, ही पाटी आज पहिल्यांदा फिरलेली नाही.”

तशा तक्रारी मधूनमधून आल्याच होत्या. ट्रकवाले फोन करायचे, तुमची पाटी चुकीची आहे म्हणून. विभागाचा माणूस दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचा, तर पाटी सरळ. “पाटी नाही, ड्रायव्हरचं डोकं फिरलंय,” असं म्हणून ऑफिस हसायचं. बाईही एकदोनदा हसल्या होत्या.

जुन्या रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे एकच घर होतं. तिथे निवृत्त मुकादम राहायचा. हाच रस्ता त्याने आयुष्यभर राखला होता. बायको वारली होती, मुलगा नोकरीच्या गावी.

दार उघडलं तेव्हा म्हातारा उंबऱ्याशीच बसलेला होता. चेहरा राखेसारखा. मागे तिशी-पस्तिशीचा मुलगा उभा होता.

“काका, गाडी तुमच्या दारावरूनच गेली असणार.”

“गेली असणार.”

“तुम्ही पाहिली नाही?”

“नाही.”

“एरवी कोणी चुकून या बाजूला आलं तर?”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जरा जीव आला. “एरवी मी अंगणातच असतो. हात करून थांबवतो. पाणी देतो, सावलीत बसवतो, मग बायपासला लावून देतो. परवा दातांचे डॉक्टर आले होते. जाता जाता माझी दाढ बघून गेले. त्याच्याआधी एक नवं जोडपं. कुठे जायचं यावरून भांडतच उतरलं बिचारं. मी म्हटलं, आधी पाणी प्या, मग भांडा.” तो थांबला. “माझ्या समोरून कोणी वळणापुढे गेलं नाही, बाई. आजवर नाही.”

“मग आज?”

“आज हा आला होता.”

मुलगा पुढे झाला. “मॅडम, दुपारी जेवायच्या आधीपासून मी इथेच आहे. अप्पा माझ्यासमोरून हललेले नाहीत. धूळ येत होती म्हणून आम्ही दार-खिडक्या लावून घेतल्या. जेवलो, बोलत बसलो. आवाज झाला तेव्हा धावलो.”

“बऱ्याच दिवसांनी आलात?”

त्याने मान खाली घातली. “चार वर्षांनी. बायपास झाल्यावर पहिल्यांदाच. फाट्यावर मला काही ओळखूच येईना. पण आपलं घर शहराच्या रस्त्यावर, एवढं पक्कं. म्हणून पाटी बघितली आणि वळलो.”

म्हातारा उठला. आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि त्याने दार ओढून घेतलं. दाराचा आवाज झाला नाही. वाऱ्याने हलणाऱ्या खिडकीचाही नाही.

“घर छान राखलंय,” बाई म्हणाल्या.

“गंज चढला की वस्तू मेली,” म्हातारा म्हणाला. “हात फिरता ठेवायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफेला पोलीस ठाण्यात बसवलं होतं. परिषदेचे सभापतीही आले होते. प्रकरण लवकर मिटावं अशी त्यांची फार इच्छा दिसत होती.

“पाटी फिरवीन असं म्हणाला होतात?” फौजदारांनी विचारलं.

“म्हणाले होते. सभापतींच्या तोंडाला काळं फासीन असंही म्हणाले होते. फासलं का? बघा की, समोरच बसलेत.”

सभापतींनी नकळत गालावरून हात फिरवला.

“काल कुठे होतात?”

“शहरात, परिषदेच्या सभेत. सकाळी ती सुरू झाल्यापासून, अपघाताची बातमी येईपर्यंत. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी भिंत घालायचा विषय होता. भिंत घातली की माझी खाणावळ कायमची मेली. म्हणून भांडायला गेले होते. भांडलेही.”

“निघायच्या आधी फिरवली असशील!” सभापती म्हणाले. “मी सभेला पोचलो तेव्हा ही आधीच किंचाळत होती.”

“तुम्ही उशिरा आलात?” बाईंनी विचारलं.

“कामं असतात हो. त्यात ड्रायव्हर नवा. त्याला इथले रस्ते ठाऊक नाहीत. पाट्या वाचत वाचत, बायपासने कसाबसा घेऊन आला.”

बाईंनी फौजदारांना हलकेच सांगितलं, “मावशींना घरी जाऊ द्या.”

“का पण?”

“उद्या सकाळी सांगते. माझ्याबरोबर यायचं मात्र.”

तोफ उठली. दाराशी जाऊन वळली. कालपासून बंद ठेवलेला हुंदका तिला तिथे फुटला. “पोटासाठी तोंड चालवते मी, बाई. कोणाची आई मारीन का?”

त्या संध्याकाळी बाई कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. मीठ संपलं होतं. काल साबण संपला होता. दुकानदाराने पुडा पुढे सरकवला आणि तो हसला. “बाई, सगळं सामान एकदम का नाही नेत? रोज रोज एवढी पायपीट कशाला?”

“लक्षात राहत नाही हो,” बाई म्हणाल्या.

ते खोटं होतं. पायरी उतरता उतरता त्या थांबल्या. दिवसभरात कामाशिवाय त्यांच्याशी कोणी बोललं असेल तर तो हा दुकानदार. त्यासाठीच मीठ वेगळं आणि साबण वेगळा.

पाटी का फिरत होती, ते त्यांना तिथे कळलं. कोणी फिरवली, हा संशय तर सकाळपासून मनात होताच. फक्त कारण सापडत नव्हतं. आता सापडलं, तेव्हा त्यांना आनंद झाला नाही.

सकाळी म्हातारा अंगणात बसला होता. मुलगा शेजारी. फौजदार उभेच राहिले. बाई जमिनीवर टेकल्या.

“काका, मी बोलते. चुकलं तर सांगा.”

म्हाताऱ्याने मान हलवली.

“खांबाला तेल होतं. एकदाचं नाही, पुन्हा पुन्हा घातलेलं. रागाच्या भरात पाटी फिरवणारा माणूस हिसका देतो आणि पळतो. तो तेल घालत बसत नाही. हे कोणाचं तरी नेमाचं काम होतं.”

“पण तक्रार आल्यावर बघावं तर पाटी सरळ असायची,” फौजदार म्हणाले.

“तेच महत्त्वाचं. जो फिरवायचा, तोच अंधार पडायच्या आत सरळ करायचा. ज्याला घात करायचाय तो असं कशाला करील? याला कोणाला इजा व्हायला नको होती. मग परवाच पाटी तशीच का राहिली? त्या दिवशी त्याचं काहीतरी नेहमीसारखं नव्हतं.”

“तोफेचंही नव्हतं. ती सभेत होती.”

“ती आधीच सभेत भांडत होती तेव्हा सभापतींची गाडी फाट्यावरून गेली. नवा ड्रायव्हर पाटी वाचून बायपासला लागला. म्हणजे तोवर पाटी सरळ होती. आणि तुम्ही,” त्या मुलाकडे वळल्या, “जेवायच्या आधी पाटी बघून डावीकडे वळलात. सरळ असती तर बायपासने पुढे निघून गेला असतात. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा ती फिरलेली होती. या दोन्हींच्या मधल्या वेळात तोफ सभेच्या खुर्चीत होती.”

मुलाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “मी म्हणालो होतो की अप्पा माझ्यासमोरून हलले नाहीत...”

“खरंच म्हणालात. तुम्हाला वाटलं, त्याने ते सुटतील. पण पाटी तुम्ही यायच्या आधीच फिरली होती. तुम्ही आल्यावर ते हलले नाहीत, म्हणून तर ती सरळ करायची राहिली. आणि वाट चुकलेल्या गाड्याही ज्याने अडवायच्या, तो दार लावून आत बसला होता.”

वाऱ्याने अंगणातला पाचोळा जरासा सरकला.

“काका, या माळावर तेलाचा हात फिरवणारा माणूस एकच आहे. वाट चुकलेला प्रत्येक जण ज्याला भेटायचा, तोही एकच.”

म्हातारा म्हणाला, “रोज नाही फिरवायचो. फारच झालं की.”

“काय फारच झालं की?” फौजदारांनी विचारलं.

“गप्प बसणं.” त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “बायपास झाला आणि या रस्त्याने यायचं कोणालाच कारण उरलं नाही. कधी कधी तर स्वतःचा आवाज ऐकायला मोठ्याने खोकायचो. एकदा बोल्ट सैल होऊन वाऱ्याने पाटी फिरली. एक माणूस चुकून आला. अर्धा तास बसला. आईबापांबद्दल बोलला, पोरांबद्दल बोलला. त्या रात्री मला झोप लागली, साहेब. मग मी बोल्ट काढला. सकाळी फिरवायची, एखाददुसरा आला की दिवस कलायच्या आत सरळ करायची. अंगण सोडायचं नाही, हा माझा नेम. मला वाटायचं, मी आहे ना. मी असताना कोणाला काय होणार?”

“आणि परवा?”

त्याने मुलाकडे पाहिलं नाही. “परवा मोटारीचा आवाज आला. मला वाटलं, आलं कोणीतरी चुकून. हात करायला उठलो, तर हा उतरला. मग मला पाटी आठवलीच नाही.”

मुलगा तोंड झाकून रडायला लागला. “अप्पा, मला फोन करायचा ना.”

“करायचो की. तू म्हणायचास, मीटिंगमध्ये आहे, मग करतो.” म्हाताऱ्याच्या आवाजात तक्रार नव्हती. झालेलं तेवढं तो सांगत होता. “त्या माउलीला मी मारलं, साहेब. चला.”

फौजदारांनी त्याच्या हाताला धरलं नाही. नुसती जीपकडे मान केली. मुलाने आपली गाडी तिथेच सोडली आणि तो बापाशेजारी मागच्या बाकावर जाऊन बसला.

बाईंनी तिथूनच सभापतींना फोन लावला. “गुन्हा मुकादमावर लागेल, लागायलाच हवा. पण तुम्ही भिंतीचा विषय तीनदा पुढे ढकललात आणि मी दोरीवर विश्वास ठेवला. हे मी अहवालात लिहिणार आहे. दोघांचंही.” पलीकडून काही उत्तर यायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घेऊन अपघातातला तो मुलगा छताकडे बघत पडला होता. आईचे अंत्यविधी त्याच्याशिवायच झाले होते. पोलिसांनी त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. बाई सांगायला म्हणून गेल्या आणि सगळं सांगून बसल्या, काही न लपवता.

त्या शिव्या ऐकायच्या तयारीने आल्या होत्या.

“म्हणजे त्याला नुसतं बोलायला कोणीतरी हवं होतं?” शेवटी त्याने विचारलं.

“हो.”

“आणि त्यासाठी माझी आई?”

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नर्स औषध देऊन गेली. पलीकडचा पंखा फिरत होता.

“डोळ्याचं ऑपरेशन करून नेत होतो तिला घरी,” तो म्हणाला. “पट्टी काढल्यापासून बडबड चालली होती, हे दिसतंय, ते दिसतंय. ते घर तिलाच आधी दिसलं. म्हणाली, थांब रे, रस्ता फार सुनसान वाटतोय, दार वाजवून कोणाला तरी विचारू. तिला कोणाशीही बोलायला आवडायचं. तासभर हलली नसती तिथून.”

त्याने मान भिंतीकडे वळवली.

“मी म्हटलं, वेळ नाहीये, आई. चल.”