मोरचुदातलं पाणी

"सोड माझा हात, नाहीतर चावेन," लवंगी म्हणाली. ती खरंच चावते हे ठाऊक असल्यामुळे घुबडनं हात सोडला आणि तिचा फ्रॉक धरला.

घुबड म्हणजे लवंगीची आतेबहीण. नववी संपवलेली, मोठ्या चष्म्याची, सुट्टीत मामीकडे, म्हणजे लवंगीच्या आईकडे, राहायला आलेली. पहिल्या दिवसापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लवंगीचा धाकटा भाऊ बोका मध्ये पडायचा आणि दोन्हीकडून रट्टे खायचा. आज तिघं मामीचा विसरलेला डबा घेऊन कारखान्यावर आली, तर आवारात सगळे कामगार हातातलं काम टाकून उभे, आणि सुपरवायझर सर्वांदेखत मामीला चोर म्हणत होता. लवंगीला त्याच्या अंगावरच धावून जायचं होतं.

कारखाना कड्या-बिजागऱ्यांना तांब्याचा मुलामा देण्याचा. त्याला मोरचूद लागतो, निळाशार आणि खडीसारखा. मामी तिथलं भांडार सांभाळायची. काल मोरचुदाची पाच किलोची नवी पिशवी आली. सुपरवायझरनं स्वतः ती फोडली, ट्रेमध्ये ओतली, ट्रे मोठ्या भट्टीत ठेवला आणि किल्ली मामीकडे दिली. मोरचूद भट्टीत का? तर हे महाशय नुकतेच पॅकिंग विभागातून बढतीवर आलेले. तिथे खोक्यांत भरायचा लाकडाचा भुसा ओला यायचा, म्हणून आधी वाळवायचा आणि मगच तोलायचा अशी पद्धत. तीच अक्कल त्यांनी इथे चालवली. जे येईल ते भट्टीत! सकाळी मामीनं भट्टी उघडली, तर ट्रेमध्ये पांढरी भुकटी, तीही वजनाला बरीच कमी. मोरचूद पळवून कुणीतरी भलतंच भरलं, आणि किल्ली तर मामीकडे! झालं, सुपरवायझरला चोर सापडला.

मालकांनी जास्त चौकशी केलीच नाही. संध्याकाळपर्यंत माल परत आणा, नाहीतर उद्यापासून घरी बसा, असं त्यांनी मामीला सांगून टाकलं. घर मामीच्या पगारावर चालायचं. आणि चोर म्हणून हाकललेल्या बाईला दुसरं कोण कामावर ठेवणार? मामीनं डबा हातात घेतला आणि मुलांना घरी पिटाळलं.

मुलं कसली जातात! शेडच्या मागे जाऊन लवंगीनं सगळा राग घुबडवर काढला. तुझ्यामुळे मला त्याला धरून बदडता आलं नाही, तू पाहुणी आहेस, तुझं काय जातंय, वगैरे. घुबड ऐकतच नव्हती. कचऱ्यात मोरचुदाची रिकामी पिशवी पडली होती आणि ती तिच्यावर छापलेलं सूत्र वाचत होती. सूत्राच्या शेवटी एक टिंब, आणि टिंबापुढे पाच पाणी. शाळेत बाईंनी निळा खडा परीक्षानळीत तापवला होता, तो पांढरा पडला होता.

"मोरचूद चोरीला गेलाच नाही," ती म्हणाली. "त्यातलं पाणी उडालं."

तिघं धावत परत आवारात आली. घुबडनं मालकांसमोर चिमूटभर भुकटी बशीत घेतली आणि वर पाण्याचे थेंब सोडले. भुकटी बघता बघता निळी झाली. कामगारांत कुजबुज सुरू झाली. सुपरवायझर मात्र छद्मी हसला.

"असेल मोरचूद. मग बाकीचा कुठे गेला? थोडा भाजून ठेवला आणि उरलेला पळवला, दुसरं काय!"

मालकांनी मान डोलावली. ते पाहून लवंगीनं घुबडला चिमटा काढला आणि किती पाणी उडालं ते सांगून टाक म्हणाली. घुबडला घाम फुटला. मोलची गणितं! याच गणितांनी वार्षिक परीक्षेत तिला गाडलं होतं. तिला त्यांचा मनस्वी तिटकारा होता.

"वजन किती भरलं ते मला सांगू नका," ती मालकांना म्हणाली. "मीच सांगते."

तिनं खडू घेतला आणि फरशीवर बसली. डझन म्हणजे जसे बारा, तसा मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला, अवाढव्य गठ्ठा. मोरचुदाचा असा एक गठ्ठा अडीचशे ग्रॅम भरतो, पाण्याचा अठरा. पाच किलो म्हणजे पाच हजार ग्रॅम. भागिले अडीचशे, वीस मोल. वीस गुणिले अठरा, तीनशे साठ ग्रॅम पाणी.

"एवढंच?" सुपरवायझर खदाखदा हसला. "अहो, कितीतरी जास्त घट आहे!"

मामीचा चेहरा उतरला. घुबडला वाटलं, खडू फेकावा आणि पळून जावं. परीक्षेतही असंच झालं होतं.

"पाच विसरलीस, बावळट," लवंगी पिशवी तिच्या नाकासमोर नाचवत ओरडली. "टिंबापुढचे पाच!"

खरंच की! मोरचुदाच्या प्रत्येक मोलमागे पाण्याचे पाच मोल. म्हणजे पाणी वीस नाही, शंभर मोल. शंभर गुणिले अठरा, अठराशे ग्रॅम.

"पाच किलोतून एक किलो आठशे गेले," घुबड उठून म्हणाली. "ट्रेमध्ये तीन किलो दोनशे ग्रॅम उरायला हवेत."

मालकांनी ट्रे सगळ्यांसमोर पुन्हा तोलायला लावला. भुकटी भरली तीन किलो दोनशे दहा ग्रॅम.

"चुकलं! दहा ग्रॅम जास्त!" सुपरवायझरनं झडप घातली.

सकाळपासून ट्रे उघडा आहे, भुकटीनं हवेतला ओलावा तेवढा शोषला असणार, असं घुबडनं सांगितलं. मालक सुपरवायझरकडे वळले. "चोर माल उचलून नेतो, की वरून दहा ग्रॅम घालून जातो?" त्यांनी विचारलं. त्यावर कामगार पोट धरून हसले.

मग मालकांनी मुलांच्या पाठी थोपटल्या, अशी डोकी आमच्याकडे हवीत म्हणाले, आणि मामीला सांगितलं, झालं गेलं विसरून जा, लागा कामाला.

मामी जागची हलली नाही.

"चोर सगळ्यांसमोर म्हणाले ना?" ती म्हणाली. "मग नाही म्हणायचं तेही सगळ्यांसमोर."

सुपरवायझर खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. मागून कामगार म्हणाले, ऐकू आलं नाही. शेवटी त्याला मोठ्यानं सांगावं लागलं, की मोरचूद कुणी चोरला नाही, भट्टीत मी घातला, चूक माझी. मामीनं ते नीट ऐकून घेतलं आणि भांडाराकडे गेली. मुलं मागोमाग आत शिरली. मामीनं तिघांना एकदम पोटाशी धरलं, घुबडचा मुका घेतला आणि माझी वाघीण म्हणाली. मग ती एका पोत्यावर बसली.

"दार लोट गं," ती लवंगीला म्हणाली. "त्या मेल्याला मी रडताना दिसायला नको."

लवंगीनं दार लोटलं आणि घुबडच्या शेजारी जाऊन बसली.