थकव्याचा चौथा हिस्सा

"स्नायू नुसती बातमी पाठवतात, मेहरू. किती दमलोय ते शेवटी मेंदू ठरवतो," असं म्हणत डॉ. विदुला कोरगावकरने प्रयोगशाळेच्या टेबलावर चार करडे पट्टे ओळीने मांडले. दोन बोटं रुंदीचे, कपाळाला बांधायचे.

डॉ. मेहरुन्निसा शिकलगारने एक पट्टा उचलून उलटासुलटा करून पाहिला. ती 'उभारी' केंद्राची डॉक्टर. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसांना पुन्हा उठतं-बसतं करणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे चमत्काराच्या गोष्टी ऐकल्या की तिच्या भुवया आधी वर जात.

"आणि हे तुझे पट्टे काय दिवे लावणार?"

"चौघांच्या मेंदूंतला थकवा मोजणार, त्याची बेरीज करणार, चार सारखे भाग पाडणार आणि प्रत्येकाला एकेक भाग परत देणार. क्षणाक्षणाला. नाव ठेवलंय समश्रम पट्टा."

"म्हणजे शरीर कमी दमतं?"

"छे! शरीर जेवढं झिजायचं तेवढंच झिजतं. बदलतं ते फक्त वाटणं."

मेहरूने पट्टा खाली ठेवला. "ताई, थकवा म्हणजे धोक्याची सूचना असते. ती तू पातळ करून टाकते आहेस."

"माहीत आहे. म्हणून तर दादाच्या छातीवर वेगळा हृदयरक्षक लावतेय. ठोका जरा चुकला तरी तो बोंब मारेल."

"आणि मूळचा थकवा कोणाचा किती, ते कुठे दिसतं?"

"दिसत नाही," विदुला म्हणाली. "मुद्दामच नाही ठेवलं."

ते का, हे मेहरूला सांगावं लागलं नाही. गेल्या वर्षी तीही संघात होती. दोन दिवसांची साहसदौड, डोंगर, सायकल, दोर आणि शेवटी धरणाचं पाणी. नियम एकच, पण कडक. चौघांनी अंतिम रेषा एकत्र ओलांडायची. दादा म्हणजे विदुलाचे थोरले बंधू श्रीपाद, 'उभारी'चे संस्थापक, वय अठ्ठावन्न, हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली. ते दुसऱ्या घाटात मटकन खाली बसले होते. "माझ्यापायी तुम्ही अडकलात" असं म्हणत ते सगळ्यांसमोर रडले. भावाला तसं रडताना विदुलाने त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. पुन्हा कोणाला कोणाचं ओझं झाल्यासारखं वाटू नये, या हट्टातून हे पट्टे जन्मले होते.

या वर्षी तर हरणं परवडणारच नव्हतं. केंद्रात खाटा बावीस आणि घरी पडून वाट पाहणारे दीडशे. चौघे दुसऱ्या दिवशी चारच्या आत पोहोचले, तर एक उद्योजक कुटुंब नवा कक्ष बांधून देणार होतं. न पोहोचले, तर नाही.

चौथा पट्टा धनाजी खोतचा होता. धनाजी केंद्रातला सेवक. एकेकाळी कुस्त्या मारलेला हा गडी दिवसभर माणसं खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर उचलून ठेवायचा. दादांच्या तपासण्यांची फाइल बोटभर जाड झाली होती. धनाजीची तपासणी करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या बैलाला काय होतंय, असं विदुलाच हसून म्हणाली होती.

पट्ट्यांनी कमाल केली. पहिल्या दिवशी दादा चढावर शीळ घालत होते. आपण हळू आहोत हे त्यांना दिसत होतं, पण ऊर काही फुटत नव्हता. विदुला आणि मेहरू नेहमीपेक्षा जरा जास्त दमत होत्या, तेवढं चालायचंच. सगळ्यांत खूश होता धनाजी.

"म्याडम, ह्यो पट्टा लई झ्याक हाय बगा. इतकं वडलं तरी दमल्यागत वाटंनाच. सरांची सॅक बी द्या हिकडं."

त्याने सॅक घेतली. मग दादांची सायकल खांद्यावर घेऊन खिंड चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कमरेला दोर बांधून दादांना अख्खा डोंगर ओढत नेलं. विदुलाला आपल्या यंत्राचा इतका अभिमान वाटत होता, की धनाजीचे ओठ काळपट दिसले तेव्हा ते उन्हाने झालं असेल असं समजून ती पुढे निघाली.

तीन वाजता ते धरणावर पोहोचले. दोन माणसांच्या दोन कयाक. पुढच्या नावेत विदुला, तिच्या मागे दादा. मागच्या नावेत मेहरू, तिच्या मागे धनाजी. "सरांची नाव फुडं असू द्या, माझं ध्यान ऱ्हाईल," असं त्यानेच सांगितलं होतं.

वारा समोरून होता. खांदे भरून आले, वल्हं शिशाचं झालं. पलीकडच्या काठावरची कमान दिसत होती, पण जवळ येत नव्हती. विदुला दात-ओठ खाऊन वल्हवत होती.

आणि एकाएकी सगळं हलकं झालं.

खांदे मोकळे झाले. श्वास खोल जाऊ लागला. सकाळी झोपून उठावं तसं ताजं वाटलं. मागून मेहरूचं हसू ऐकू आलं. "ताई, पोहोचलो गं आपण! आता काय, शंभर वल्ही!"

विदुलाही हसली. पाच-सहा वल्ही तिने जोरात मारली. मग तिचा हात हवेतच थांबला.

थकवा असा एका श्वासात उतरत नाही. विश्रांती नाही, पाण्याचा घोट नाही आणि चौघांचा मिळून निम्मा थकवा गेला? बेरीज अशी कोसळायला एकच कारण असू शकतं. चारांपैकी एकाला काही वाटेनासं झालंय. त्याच्या नावावर शून्य आलंय, आणि ते शून्य यंत्राने इमानाने चौघांत वाटलंय.

"दादा!" तिला मागे वळवेना. शेवटी ती वळली.

"काय गं?" दादा चांगले हसत वल्हवत होते. "एकदम तरतरी आली बघ!"

हृदयरक्षक गप्प होता. दादा ठणठणीत होते. तेव्हा कुठे तिला समजलं. जो सगळ्यांत जास्त राबत होता, त्याचाच थकवा सगळ्यांत जास्त वाटला जात होता. सूचना सर्वांत पातळ झाली होती ती धनाजीची.

पन्नास हातांवर मेहरू आनंदात वल्हवत येत होती. तिच्या मागे धनाजी गुडघ्यांवर वाकून बसला होता. त्याचं वल्हं लांब मागे पाण्यावर तरंगत होतं.

"मेहरू, धनाजी!" विदुला किंचाळली. "मागं बघ!"

जवळच पाण्यातून खडकाचा एक उंचवटा वर आला होता. दोन्ही नावा तिथे भिडल्या, तिघांनी त्या धिप्पाड देहाला ओढून वर घेतलं आणि मेहरूने त्याच्या छातीवर दोन्ही तळवे रोवले. दादांनी बचाव पथकाला संदेश पाठवला. नाडी लागत नव्हती.

मेहरू दाबत राहिली. तिचे हात भरून येत नव्हते. ती थांबली की विदुला, विदुला थांबली की पुन्हा ती. दमायला मात्र दोघींनाही होत नव्हतं. हा हलकेपणा कोणाचा आहे हे विदुलाला ठाऊक होतं, आणि तिला त्याची शिसारी येत होती.

"धनाजी, ऊठ रे बाबा," दादा त्याच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी चालतो माझा मी. ऊठ तू."

समोरच्या काठावर भोंगा वाजला. चार वाजले होते. कोणी मान वर केली नाही.

मग वरून पोतं टाकावं तसं ते आलं. मेहरूची कोपरं दुमडली, दादा होते तिथेच कोसळले आणि विदुलाचा गाल खडकाला टेकला. एवढा थकवा तिने जन्मात सोसला नव्हता. बोट हलवायचं त्राण उरलं नव्हतं, तरी ती आनंदाने रडायला लागली.

"आला," ती पुटपुटली. "मेहरू, नाडी बघ. आला तो."

मेहरूने सरपटत जाऊन मनगट धरलं आणि होकारार्थी मान डोलावली. धनाजीच्या घशातून बारीक कण्हणं आलं. त्याचं ओझं चार जणांत वाटूनही तिघं आडवी झाली होती.

मोटारबोट आली. पथकातल्या माणसाने धनाजीच्या नाकाला प्राणवायू लावला, मग विदुलाची अवस्था पाहून तो तिच्याजवळ बसला.

"ताई, आधी हा पट्टा काढा बरं. काढलात की लगेच बरं वाटेल."

त्याचा हात तिच्या कपाळाकडे आला. कुठून बळ आणलं कोणास ठाऊक, पण विदुलाने दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला.

"मला वाटेल हो बरं," ती म्हणाली. "पण माझा हिस्सा त्याच्यावर जाईल."

माणसाला काही उमगलं नाही. तो दादांकडे वळला, मग मेहरूकडे. त्या दोघांनीही पट्टे काढू दिले नाहीत.