निष्कारण तक्रार

भामरागडच्या धावपट्टीवर सकाळी आलेले प्रवासी आधी फळ्याकडे बघत. फळा म्हणजे दुरुस्तीच्या शेडवर लावलेला एक साधा पडदा. त्यावर विमान आपली प्रकृती आपणच सांगत असे. डावा पंख उत्तम, उजवा पंख उत्तम, शेपटी उत्तम. एकोणीस आसनांचं ते विजेवर चालणारं विमान संध्याकाळी नागपूरहून येई, रात्रभर शेडपाशी चार्ज होई आणि सकाळी परत निघे. आश्रमशाळेचे शिक्षक, मुलाखतीला निघालेली मुलं, दवाखान्याच्या फेऱ्या मारणारे पेशंट, सगळे त्यानंच जात. पूर्वी ज्या प्रवासात अख्खा दिवस मोडायचा, तो आता तासाभरात होत होता.

त्या दिवशीही फळ्यावर सगळं उत्तम होतं. तरीही निरुपमा वासेकर डाव्या पंखाखाली उताणी झोपून छोट्या हातोडीनं पंख वाजवून बघत होती.

निरुपमा सरकारी हवाई सुरक्षा निरीक्षक होती. आदल्या संध्याकाळी याच विमानानं ती कुणालाही न कळवता आली होती. वर्षातून एकदा माणसानं स्वतः हात लावून विमान तपासायचं, ही सक्ती कायद्यात अजून शिल्लक होती. बाकीच्या सक्तीच्या तपासण्या विमानांना संवेदी त्वचा आली तेव्हाच रद्द झाल्या होत्या. पंखांच्या थरांमध्ये केसाहून बारीक प्रकाशतंतू विणलेले असत. पंखावर ताण पडला, कुठं थर सुटू लागला, की तंतूंमधला प्रकाश बदले. हे सगळे बदल एक निदान-प्रणाली वाचे आणि कुठं दुखतंय ते सांगे. प्रणाली अनुभवातून शिकत जाई, आणि एका विमानात शिकलेलं कंपनीच्या सगळ्या विमानांना त्याच दिवशी मिळे. ज्याला स्वतःचं दुखणं कळतं त्याला दर महिन्याला उघडून कशाला बघायचं, असं तेव्हा सगळ्यांनाच पटलं होतं. ही शेवटची वार्षिक तपासणीही काढून टाकावी, असा प्रस्ताव दिल्लीत विचाराधीन होता.

हातोडीचा टकटक आवाज पंखभर एकसारखा येत होता. पंख जिथं धडाला जोडलेला असतो तिथं मात्र तो बदलला. बसका, पोकळ आवाज. निरुपमानं परत वाजवलं. मग बॅगेतून ध्वनिलहरींनी आतलं बघायचं यंत्र काढलं, पंखाला जेल लावलं आणि यंत्र हळूहळू फिरवलं.

"चिलमवार, जरा इकडे या," ती म्हणाली.

प्रफुल्ल चिलमवार त्या शेडचा अभियंता होता. पस्तिशीतला, कामाला वाघ. तो वाकून तिच्याशेजारी आला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर तळहाताएवढा काळा डाग दिसत होता.

"थर सुटलेत," निरुपमा म्हणाली. "आतल्या आत. पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईपर्यंत गेलेत की नाही, ते यात दिसत नाही."

"पण त्वचा तर काहीच म्हणत नाहीये."

"तंतू तुटलेत का?"

चिलमवारनं लॅपटॉप जोडला. तंतू शाबूत होते. प्रकाश ठीक वाहत होता. निरुपमा म्हणाली, "मला निदान नको. तंतूंनी काय नोंदवलं, ते कच्चं दाखवा."

कच्च्या नोंदी बघायची वेळ चिलमवारवर कधी आलीच नव्हती. त्या उघडायला त्याला थोडा वेळ लागला. मग पडद्यावर आलेख आला आणि दोघंही त्यावर वाकले. त्या जागेवरचा ताण गेल्या हिवाळ्यापासून वाढत होता. तंतूंना तो पहिल्यापासून कळत होता. प्रणालीनंच तो किरकोळ ठरवून बाजूला ठेवला होता.

"असं कसं?" निरुपमानं विचारलं.

चिलमवारनं लॅपटॉप पुढे ओढला. त्यानं मागच्या नोंदी चाळल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, सुरुवातीला हिनं तक्रार केली होती. याच जागेची. प्रत्येक वेळी विमान थांबवलं, झाकण काढलं, टॉर्च मारून बघितलं. काहीच नव्हतं. लोक ताटकळायचे, नागपूरहून फोन यायचे."

"मग?"

"मग तपासणीचा निकाल भरावा लागतो. 'दोष आढळला' किंवा 'निष्कारण तक्रार'. डोळ्यांना काही दिसलं नाही, मग मी निष्कारण भरलं. तुमच्यासारखं यंत्र आमच्याकडे नाही. त्वचा आली तेव्हा कंपनीनं ती सगळी परत मागवून घेतली."

"आणि ती शिकली."

"हो," चिलमवार म्हणाला. "अशा दुखण्याबद्दल बोलायचं नाही, हे शिकली."

निरुपमा उठून बसली. तिच्या मनात आलेली दुसरी गोष्ट चिलमवारच्या अजून लक्षात आली नव्हती. याच पंखाच्या भरवशावर ती काल आली होती, याची तिला आता जाणीव झाली, पण त्याहून मोठं काही तरी समोर उभं होतं. एवढ्यात शेडच्या दारातून वैमानिक कॅप्टन मेघश्याम राऊत आत आले. त्यांच्यामागे एक तरुण बाई होती.

"मॅडम, आपल्याला लवकर निघता येईल का?" राऊत म्हणाले. "या सुनंदा पुंगाटी, इथल्या आश्रमशाळेत शिक्षिका आहेत. यांच्या आईचं यकृत निकामी झालंय. आज पहाटे नागपूरहून फोन आला, त्यांना जुळणारं यकृत मिळालंय. दुपारच्या आत पेशंट तिथं हवा."

दाराबाहेर बाकावर सुनंदाची आई, मैनी, शालीत गुंडाळून बसली होती. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हात काडीसारखे. बाई नवीन लुगडं नेसली होती.

"हे विमान आज उडणार नाही," निरुपमा म्हणाली.

सुनंदानं फळ्याकडे बघितलं, मग निरुपमाकडे. "तिथं तर उत्तम लिहिलंय."

"ते चुकीचं आहे."

"ठीक आहे, मी गडचिरोलीहून दुसरं मागवतो," चिलमवार घाईनं म्हणाला आणि त्यानं फोन काढला. "अर्ध्या तासात येईल."

"थांबा," निरुपमा म्हणाली. "तेही याच जातीचं ना? आणि त्याच्यातही हीच प्रणाली?"

चिलमवारचा हात थांबला. आता त्याच्याही लक्षात आलं. त्यानं इथं भरलेलं उत्तर त्याच दिवशी प्रत्येक विमानाला मिळालं होतं. कुणाच्या पंखात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळीकडे फळ्यावर उत्तम होतं.

निरुपमानं जिल्हाधिकाऱ्यांना फोन लावला. पोलिसांचं हेलिकॉप्टर दुरुस्तीला गेलेलं होतं. नागपूरची एअर ॲम्ब्युलन्स रायपूरला होती, संध्याकाळशिवाय ती येणं अशक्य होतं. तिनं रुग्णालयात फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की यकृत इतका वेळ ठेवता येत नाही, यादीत पुढचा पेशंट नागपुरातच आहे, दुपारपर्यंत वाट बघू.

चिलमवार तिला बाजूला घेऊन गेला. "मॅडम, ऐकून घ्या. हे हिवाळ्यापासून असंच उडतंय. काल तुम्हीही आलात यातून. आणखी एकच फेरी. बाकी प्रवासी नको, फक्त या दोघी. वजन कमी, वेग कमी ठेवू. नागपूरला पोचल्यावर सील करा. मी स्वतः बसतो सोबत."

तो मनापासून बोलत होता. निरुपमालाही ते खोटं वाटलं नाही. तिनं राऊतांकडे बघितलं.

"तुम्ही सही केलीत तर मी नेईन," राऊत म्हणाले. "नाही केलीत तर नेणार नाही. मला विचारू नका. त्या बाईकडे बघितलं की मला नीट विचार करता येत नाही."

निरुपमा परत पंखाखाली गेली. यंत्र पुन्हा फिरवलं. डाग तेवढाच होता आणि त्याची आतली कडा पुसट होती, मघाशी होती तशीच. कुठपर्यंत गेलाय ते सांगणारं तिथं काहीच नव्हतं. जंगलावरून जाताना पंख तुटला तर तीन-चार माणसं जातील. नाही तुटला तर एक बाई वाचेल. तिनं बराच वेळ पंखाला हात लावून ठेवला. पंख गार होता, गुळगुळीत होता, त्यातून काही कळत नव्हतं.

बाहेर येऊन ती सुनंदासमोर उभी राहिली. "मी परवानगी देऊ शकत नाही."

"नक्की पडेल का ते?"

"ते मला सांगता येत नाही."

सुनंदा ओरडली नाही. तिनं आईला माडिया बोलीत काही तरी सांगितलं. मैनीनं मान हलवली आणि सावकाश शालीची घडी घातली. दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सनं त्या दोघी रस्त्यानं निघाल्या. निरुपमानं शेडमध्ये बसूनच दिल्लीला कळवलं, या जातीची सगळी विमानं देशभर तत्काळ थांबवावीत. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. तिनं कच्चे आलेख पाठवले, पुन्हा फोन केला, वरच्या अधिकाऱ्याच्या वरच्याला गाठलं. दुपार टळेपर्यंत विमानं एकेक करून जमिनीवर आली. तोवर ॲम्ब्युलन्स आष्टीच्याही अलीकडेच, अर्ध्या वाटेच्याही आत होती, आणि यकृत यादीतल्या पुढच्या माणसाला, एका दोन मुलांच्या बापाला, बसवायला घेतलं होतं.

मैनीला दुसरं यकृत मिळालं नाही. होळीच्या आधी ती गेली.

दरम्यान भामरागडचा पंख कापून प्रयोगशाळेत नेला गेला होता. सुटलेले थर तुळईला जाऊन भिडले होते. पंख आणखी शंभर उड्डाणं टिकला असता किंवा पुढच्याच वाऱ्याच्या झोतात गेला असता, दोन्ही शक्य होतं, असं तज्ज्ञांनी लिहिलं. इतर विमानं तपासल्यावर आणखी काहींत तसेच डाग सापडले. त्यातला एक खूपच मोठा होता. वर्तमानपत्रांनी निरुपमाचा फोटो छापला. भामरागडला मात्र विमान कित्येक महिने बंदच राहिलं. त्या काळात एक बाळंतीण वाटेत दगावली, तिची बातमी आतल्या पानावर आली.

पावसाळा संपल्यावर सक्तीच्या तपासण्यांवर नागपुरात जनसुनावणी झाली. मैनी गेल्याचं निरुपमाला तेव्हाच कळलं होतं; ती साक्षीला आली होती. चिलमवारही आला होता. त्यानं नोकरी सोडली नव्हती, पण बारीक झाला होता. प्रणालीचं शिकणं पुसून टाकलंय, असं त्यानं सभेला सांगितलं. आता ती पहिल्यासारखी बारीकसारीक दुखणीही सांगते. निष्कारण हा पर्याय काढून टाकलाय. प्रत्येक शेडला ध्वनिलहरींचं यंत्र दिलंय. विमानं पुन्हा उडू लागलीत.

मध्यंतरात सुनंदा पुंगाटी निरुपमाकडे आली. निरुपमानं तिला ओळखलं आणि ती उठून उभी राहिली. तिनं शेजारची खुर्ची रिकामी केली.

"बसा ना मॅडम," सुनंदा म्हणाली आणि स्वतःही शेजारी बसली. "मला इथं बोलायला बोलावलंय. सकाळपासून दोन माणसं येऊन भेटली. एकाला वाटतं मी तुमच्या विरोधात बोलावं, दुसऱ्याला वाटतं बाजूनं. मला तुमच्याशी आधी बोलायचं होतं."

"बोला."

"माझी आई पहिल्यांदा पोट दुखतं म्हणाली, त्याला खूप वर्षं झाली. मी तिला दवाखान्यात नेलं. काही सापडलं नाही. परत म्हणाली, परत नेलं, परत काही नाही. डॉक्टर माझ्यावर वैतागले. माझी रजा संपली. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा मी तिला म्हटलं, उगाच काही तरी सांगत जाऊ नको. नंतर ती कधीच काही म्हणाली नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा आम्हाला कळलं." सुनंदानं निरुपमाकडे बघितलं. "तुमच्या त्या विमानाचं पेपरमध्ये वाचलं, तेव्हा मी दोन दिवस शाळेत गेले नाही."

बाहेर चहाच्या कपांचा आवाज होत होता. निरुपमानं तिच्या हातावर हात ठेवला. सुनंदानं तो काढला नाही.

"तुमच्यावर राग आहे का मला, ते मलाच कळत नाही," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुली विज्ञान स्पर्धेला भामरागडच्या विमानानं येणार आहेत. चिलमवार साहेब सांगत होते, ते आता रोज काही तरी तक्रार करतं."

"हो. रोज करतं."

"आणि रोज उघडून बघता?"

"रोज बघतात. बहुतेक वेळा काही नसतं."

"फेऱ्या रद्द होतात, लोक खोळंबतात."

"होतात."

सभा पुन्हा सुरू झाल्याचा पुकारा झाला. लोक खुर्च्यांवर येऊन बसू लागले. सुनंदाचं नाव पहिलंच होतं. ती उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळून तिनं अगदी सहज, वर्गात एखाद्या मुलीला विचारावं तसं विचारलं,

"मॅडम, दहादा उघडून काही मिळालं नाही, तर अकराव्यांदा तुम्ही उघडाल?"