वीस हर्ट्झच्या खाली

सुशांत, तुझा तो सबवूफर जरा बंद कर. नाही रे, त्रास नाही होत. सांगतो, मग कळेल. सई, तूही बस.

विद्याधर प्रभुणे माझा ऑफिसमधला मित्र. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर एकटाच राहतो. २०२४ सालचा नऊ नोव्हेंबर, शनिवार. दिवाळी नुकतीच संपली होती. आम्ही दोघं टेम्पो घेऊन कुर्ल्याला गेलो, त्याने सेकंडहँड घेतलेला सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा स्पीकर, आणायला. वॉशिंग मशीनएवढा डबा, पुढे पंधरा इंची काळा कागदी कोन, वाजताना आत-बाहेर हलणारा. दोन जिने चढवताना माझी कंबर गेली.

विद्याधरला खोल बासचं वेड. म्हणायचा, "वीस हर्ट्झच्या खाली कान संपतो. तिथून पुढे छातीने ऐकायचं." कोपऱ्यात ठेवला की बास आणखी भरतो, म्हणून त्याने डबा कोपऱ्यात लावला. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली जयंतीबाईंचा पलंग.

जयंतीबाई निवृत्त शिक्षिका. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, कानाने कमी, हाताची बोटं अगदी बारीक. एकदा जिन्यात मला म्हणाल्या होत्या, "गाणं नाही हो मला ऐकू येत. पण पलंग थरथरतो." म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. त्यांच्या खोलीतून वर याच्या खोलीत पाण्याचा लोखंडी पाइप जायचा. फार झालं की बाई स्टीलच्या पेल्याने त्यावर ठोकायच्या. तीन ठोके. विद्याधर लगेच आवाज कमी करायचा. नेहमी करायचा, हे आधी सांगून ठेवतो.

त्या रात्री त्याने चाचणीचा सूर लावला. चाळीस हर्ट्झवरून हळूहळू खाली. कपाटातल्या काचा किणकिणल्या. मग काचा गप्प झाल्या आणि नुसतं पोटात काहीतरी हलायला लागलं. आम्ही पोरांसारखे हसत होतो.

नऊ वीसला पाइप वाजला. तीन ठोके.

विद्याधरचा हात बटणाकडे गेला. मी म्हणालो, "राहू दे रे. दहा वाजायचेत अजून. कंबर मोडून आणलाय."

मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज वाढवला.

पुन्हा तीन ठोके. पुन्हा तीन. मग सावकाश, अंतर ठेवून. मग दोन. बऱ्याच वेळाने एक...

"झोपल्या वाटतं," मी म्हणालो.

सकाळी कामवालीने दार उघडून घेतलं. बाई पाइपाजवळ जमिनीवर होत्या. पेला हातातच. डॉक्टर म्हणाले, हृदय. साडेनऊचा सुमार. वेळेत कुणी पोचलं असतं तर...

दुपारी बोरिवलीहून त्यांची भाची आली, नीलम. विद्याधरला म्हणाली, "काका, मावशीने ठोकलं नाही का? मीच सांगून ठेवलं होतं तिला. बरं वाटलं नाही की ठोक, वर काका आहेत."

विद्याधर म्हणाला, "नाही गं. काहीच ऐकू नाही आलं."

मी शेजारी उभा होतो. मीही मान हलवली.

त्याने प्लग काढला, डब्यावर चादर टाकली. आम्ही दोघं ऑफिसात एकमेकांशी बोलेनासे झालो. जेवायलाही वेगळे बसायचो. मग पुढच्या पंधरवड्यात, तेवीस तारखेला, पुन्हा शनिवार. रात्री त्याचा फोन आला. "ये. आत्ता ये."

नऊच्या सुमाराला पोचलो. घरातले सगळे दिवे लावलेले. चादर बाजूला पडलेली. विद्याधर डब्यासमोर स्टुलावर बसला होता. सबवूफरच्या सगळ्या वायरी त्याच्या मांडीवर, गुंडाळून ठेवलेल्या.

"काय झालं?"

"बस. बघ."

नऊ वीस.

कोन हलला.

बाहेर आला. आत गेला. आवाज नाही. काहीच नाही. फक्त छातीवर कुणी तळवा टेकवावा तसं... दाबलं गेलं.

तीनदा. थांबला.

पुन्हा तीनदा.

"बंद कर रे," मी म्हणालो.

"कसं?"

...

पुन्हा तीनदा. मग सावकाश. अंतर ठेवून. आम्हाला दोघांनाही क्रम पाठ होता.

दोन.

विद्याधरने फोन उचलला. नीलमला लावला, स्पीकरवर ठेवला.

"नीलम... त्या रात्री मावशी ठोकत होत्या. आम्ही ऐकलं. मी आवाज वाढवला."

"मी सांगितलं म्हणून," मी म्हणालो. "तो कमी करायला निघाला होता."

तिने विचारलं, "किती वेळ ठोकत होती?"

"...दहा मिनिटं."

फोन कट झाला.

आम्ही कोनाकडे बघत बसलो. एक बाकी होता. तो आला नाही. पहाटेपर्यंत बसलो. आला नाही.

काय विचारलंस, सई? नाही, नीलमने पुन्हा कधी फोन उचलला नाही. आम्ही जाऊन आलो बोरिवलीला. तिने दारातूनच परत पाठवलं. तिचं बरोबरच आहे.

त्या रात्रीनंतर सकाळीच भंगारवाल्याला द्यायचं ठरवून आम्ही डबा खिडकीपाशी ओढला. उजेड पडला तसा विद्याधर थांबला. काळ्या कागदावर पाच उंचवटे होते. चार ओळीने, एक जरा खाली, बाजूला. कागद आतून बाहेर ढकलला गेला होता.

डबा चारी बाजूंनी सील. स्क्रू काढायला पाऊण तास लागला. आत कापूस होता, दाबून भरलेला, आणि त्यावर जुनी धूळ. कुठे विस्कटलेली नाही.

मी हात लावला नाही. विद्याधरने लावला. एकेक बोट त्या उंचवट्यांवर ठेवून पाहिलं.

त्याची बोटं जाड होती. ते उंचवटे बारीक होते, आणि एकमेकांच्या जवळ.